पाटीची अक्षरं

भिंतींना स्वप्नं पडायची आणि पाट्या झोपेतही बोलायच्या, त्या काळी शहराच्या एका कोपऱ्यावर एक पाटी होती. ‘इथे कचरा टाकू नये,’ असं ती दिवसभर ओरडायची आणि लोक नेमका तिच्याच पायाशी कचरा टाकायचे.

एका पहाटे हास्यक्लबातली मंडळी खुरपी घेऊन आली. “परवानगी नको का काढायला?” कुणीतरी विचारलं. “मातीला विचारलंय मी,” कर्णिकबाई म्हणाल्या. सगळ्यांनी मिळून घाण उपसली आणि गोकर्णीचं बी पेरलं.

वेल पाटीवर चढू लागली. पाटी कळवळली, “अगं, माझी अक्षरं झाकू नकोस! लोकांना कोण सांगणार?” वेल आपली निळी निळी फुलत राहिली.

एका सकाळी लोखंडेकाकू नेहमीसारखी कचऱ्याची पिशवी घेऊन आल्या. फुलं दिसताच त्यांनी देवाला म्हणून चार तोडून पदरात घेतली. मग पिशवी टाकायला वाकल्या आणि थबकल्या. “देवाची फुलं जिथली, तिथंच घाण टाकू?” असं पुटपुटत त्या पिशवीसकट माघारी गेल्या.

पाटी हे सगळं बघत होती. मग हळूच म्हणाली, “वेली, माझं एखादं अक्षर अजून उघडं आहे का गं? असेल तर तेही झाक.”