उंबराच्या फुलाचे पान

एका राज्यात पोराला पाचवे वर्ष सरले, की राजवाड्यातून एक पोथी मिळत असे. पोथीत अक्षर थोडे आणि चित्रे फार. रानातले पक्षी, झाडे, किडामुंगी. ती वाचून पोरे झाडांवर चढत, गुडघे फोडून घेत आणि घरच्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडत. राज्याचे बरे चालले होते. नेम एकच होता: चितारणीने जे स्वतः पाहिले, तेच काढावे.

राजकन्या रत्नमालेचे पाचवे सरत आले, तेव्हा राजाने द्वारका चितारणीला सोन्याच्या वेष्टनातली पोथी करायला सांगितली आणि मुदत दिली आठ दिवसांची. आठ दिवसांत रान पाहून होते थोडेच! द्वारकेने आपल्या आजीची जुनी पोथी उघडली आणि बसल्या जागी सगळी उतरवून काढली. आजीनेही ती कुणावरून तरी उतरवली होती, हे तिला ठाऊक होते. पण गरजवंताला अक्कल नसते.

रानात विरूपाक्ष नावाचा मांत्रिक राहत असे. उसनी नजर त्याला खपत नसे. त्याने पोथीवर शाप टाकला. राजकन्येने पहिले पान उघडले मात्र, तिला जिवंत असे काही दिसेना. भिंत दिसे, तबक दिसे, सिंहासन दिसे. झाड दिसेना, पोपट दिसेना. राणीने तिला उचलून घेतले, तर पोर हवेत चाचपडू लागली.

"आई, तू बोलतेस कुठून?"

राणीने तिला छातीशी धरले होते.

द्वारका त्याच पावली रानात गेली आणि मांत्रिकासमोर उभी राहिली.

"महाराज, अपराध माझा आहे. शिक्षा मला द्या."

"शिक्षा नाही, काम देतो," विरूपाक्ष म्हणाला. "धनेशाचे दार, सुगरणीचे घर आणि उंबराचे फूल. तिन्ही बघ, तिन्ही नव्याने काढ. एक रेघ जरी ऐकीव निघाली, तरी पोर जन्मभर तशीच राहील."

चैत्रात तिला धनेश पक्षी सापडला. आजीच्या पोथीत तो दुष्ट नवरा होता. बायकोला झाडाच्या ढोलीत कोंडून बाहेरून दार लिंपणारा. द्वारका एकवीस दिवस झाडाखाली बसली. पाहते तो काय, धनेशीण आत बसून आपल्या चोचीने आपलेच दार लिंपत होती. फट ठेवली चोचीपुरती. नवरा दिवसभर फळे आणून त्या फटीतून भरवत होता.

"तू हिला कोंडलेस ना?" द्वारकेने विचारले.

"तोंडात फळ आहे. नंतर बोलू," धनेश म्हणाला आणि तो काही नंतरही बोलला नाही. त्याला सवड नव्हती.

श्रावणात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबू लागली. पोथीत घरटे विणणारी मादी होती. इथे गवताची पाती चिरून आणत होता तो पिवळ्या डोक्याचा नर, आणि मादी येऊन अर्धवट घरटे पारखून नाक मुरडून जात होती.

"तुम्हा लोकांत माझ्या कामाला बायकोचे नाव आहे म्हणे," नर म्हणाला.

"आहे खरे."

"तिला सांगू नका. आधीच हे तिसरे घरटे आहे."

द्वारकेने दोन्ही पाने काढली. उरले उंबराचे फूल.

पोथीतले फूल सोनेरी होते, मध्यरात्री उमलणारे. द्वारका तीन महिने झाडाखाली बसली. फूल उमलले नाही. शेवटी भुकेपोटी तिने एक उंबर फोडले. उंबर फोडून केंबरे कशाला उडवावीत, असे लोक म्हणतात. केंबरे तर उडालीच. पण ते इवलाले किडे उडून गेल्यावर आत दिसले, की उंबराची सारी सालच आतून फुलली होती. शेकडो फुले, तिळाहून बारीक, फळाच्या पोटात दडलेली.

ती हसली आणि तिथेच रडलीही. फूल काढले, केंबरे काढली. पण मिटल्या फळात ती शिरली कशी? आजीच्या पोथीत उत्तर होते: देव घालतो. द्वारकेने लेखणी उचलली, खाली ठेवली. मग पानाच्या तळाशी लिहिले: "ही आत कशी जातात, मला दिसले नाही. तू बघ."

विरूपाक्षाने पान उलटसुलट पाहिले.

"हे पान अपुरे आहे."

"होय, महाराज. मी एवढेच पाहिले."

"मग ने."

वर्ष उलटून गेले होते. वर्षभर राजकन्येने आईचे शालू पाहिले होते, आत माणूस नसलेले. तिने शेवटचे पान वाचले आणि उंबर मागितले. ते हाताला लागले, डोळ्यांना दिसले नाही. तिने चाचपडत फोडले.

हवेत एक काळा ठिपका हलला. तो चालू लागला. ठिपक्याला पाय होते, पंख होते. पंखांखाली एक बोट दिसले, मग बांगड्यांच्या आत मनगट दिसले, मग खांदा, मग चेहरा.

"आई, हलू नको," राजकन्या म्हणाली. "तुझ्या हातावर बसलंय."

राणीचे डोळे घळाघळा वाहत होते, पण तिने हात हलू दिला नाही.

राजाने त्याच दिवशी दरबार भरवला. पोथीचे सोने उतरवले आणि चितारणीला मुदत घालायची नाही, असा कायदा केला. तो ऐकायला राणी नव्हती. ती लेकीचे बोट धरून उंबराखाली जाऊन बसली होती. किडा आत कसा जातो, हे दोघींनाही ठाऊक नव्हते.