काचेतले भोक

एकदा एका विमानात, दार बंद व्हायच्या वेळी, खिडकीजवळचा एक तरुण उठून उभा राहिला. त्याच्या डोक्याचे मुंडण ताजे होते. खिडकीच्या काचेतल्या बारीक छिद्राकडे बोट दाखवून त्याने विचारले, "हे भोक कसलं?"

नवी हवाई सेविका गोड हसली. "काही नाही सर, घाबरू नका. बसून घ्या."

"काही नाही? दवाखान्यात माझ्या थोरल्या भावाला तपासून हेच सांगितलं होतं. काही नाही, घाबरू नका. भाऊ गेला. आता कळल्याशिवाय मी बसत नसतो!"

मागून एक प्रवासी ओरडला, "अहो, तुमच्या भोकापायी आम्ही उद्या पोचायचं का? उतरवा त्याला!"

त्याला उतरवण्याची परवानगी मागायला सेविका निघाली. तेवढ्यात तिला काम शिकवणारा वृद्ध सेवक पुढे आला आणि तरुणाला म्हणाला, "खिडकीला काचा तीन. आतली नुसती ओरखडे झेलायला. वर गेल्यावर हवेचा सगळा दाब बाहेरची काच सोसते. मधलीवर तो येऊ नये, म्हणून तिला हे भोक."

"आणि बाहेरची फुटली तर?"

"सहसा फुटत नाही. पण फुटू शकते. मग मधली धरते."

"एकटी? भोकासकट?"

"भोकासकट. तेवढी मजबूत केलेली असते ती."

तरुण त्या काचेकडे पाहत राहिला. मग खाली बसला आणि त्याने पट्टा लावला.

विमान वर गेल्यावर शिष्या रागाने म्हणाली, "सर, घाबरलेल्या माणसाला काच फुटेल म्हणून कुणी सांगतं का?"

वृद्ध म्हणाला, "तो घाबरला नव्हता पोरी, चिडला होता. आपण 'घाबरू नका' म्हणतो, तेव्हा आपल्या मनात असतं 'विचारू नका'. दवाखान्यात एकदा तो गप्प बसला, ते त्याला सलतंय. आता त्याने कुणापुढेही गप्प बसू नये. जीव त्याचा आहे. त्याला उतरवलं असतं, तर माणूस खाली राहिला असता, प्रश्न विमानातच राहिला असता."

एवढ्यात तरुणाने पुन्हा बोलावले. "हा पंख वर वाकलाय. का?"

शिष्येच्या ओठांवर 'काही नाही' आले होते. तिने ते गिळले. "मला माहीत नाही. वैमानिकांना विचारून येते."

मागचा प्रवासी पुढे वाकला. "अहो ताई, मलाही सांगा हं."

'काही नाही' म्हणून कुणी बसवू लागले, तर बसू नये. पुन्हा विचारावे.