मधला तिसरा खंड

कोरियातल्या एका डोंगरी गावातून आरान दोन म्हाताऱ्या पुढाऱ्यांसोबत परदेशातल्या बड्या ग्रंथालयात आली. गावच्या मठातून दीडशे वर्षांपूर्वी गेलेलं पुस्तक तिथे काचेच्या पेटीत होतं. ते परत द्यायचं की नाही, हे विश्वस्त आज ठरवणार होते.

मुख्य ग्रंथपाल हाल्स्टेड म्हणाले, “तुमच्या पूर्वजांनी आमच्या जहाजाच्या कप्तानाला ते समारंभपूर्वक भेट दिलं. दिलेली भेट परत मागू नये.”

म्हातारे कमरेत वाकले. जन्मभर त्यांनी तेवढंच केलं होतं.

कॉलेज अर्धवट सोडलेली आरान मात्र ताठ बसली. “साहेब, तुमच्या संचातला एखादा खंड कुणाला भेट द्याल?”

“संच फोडून?” हाल्स्टेड हसले. “शिकली असतीस तर असं विचारलं नसतंस, पोरी. देणारा अख्खा संच देतो. मधलाच खंड उचलतो तो चोर.”

“मग पेटीतल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर काय लिहिलंय, तेवढं वाचा.”

“खंड तिसरा. एकूण पाच.” वाचता वाचता त्यांचा आवाज उतरला.

आरानने गाठोडं सोडलं. तीच पिवळी मुखपृष्ठं, तीच पाच भोकांची लाल शिवण. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा असे खंड तिने ओळीने मांडले आणि मधली जागा मोकळी ठेवली.

“आता तुम्हीच सांगा, तुमचा कप्तान कोण होता?”

विश्वस्तांच्या अध्यक्षबाईंनी पेटीची किल्ली मागितली.

बाहेर पडताना एक म्हातारा पुटपुटला, “मोठ्यांशी असं बोलू नये.”

“तुम्ही बोलला असतात तर मला यावं लागलं नसतं, आजोबा,” आरान म्हणाली आणि पाच खंडांचं गाठोडं तिने त्यांच्याच हातात दिलं.