शंखटेकडीचं मागचं दार

पैनगंगेच्या अलीकडे, सावळखेडच्या पाठीशी एक बुटकी टेकडी आहे. तिला शंखटेकडी म्हणतात. खाली काळा दगड, वर काळा दगड आणि मधोमध दीड पुरुष उंचीचा पांढरट पट्टा. त्या पट्ट्यातच टेकडीची गुहा आहे. पट्ट्यात बोटाच्या पेराएवढे दगडी शंख रुतलेले दिसतात. सहलीला आलेली शाळेची मुलं ते नखांनी उकरायला लागली, की गावातले उकंडराव ठावरी त्यांना गुहेच्या तोंडाशी पडलेल्या मोठ्या काळ्या शिळेजवळ बसवतात.

"इथे समुद्र होता का आजोबा?" कुणीतरी विचारतंच.

"तळं होतं," उकंडराव सांगतात. "जमिनीतून आगीचा रस आला, थिजला, त्यावर तळं साचलं. त्यात गोगलगायी जगल्या, मेल्या, गाळात दबल्या. मग पुन्हा रस आला आणि सगळं झाकून गेला. हे माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचं. ही शिळा मात्र माणसाच्या काळात पडली. तिची गोष्ट माझ्या आजीनं मला सांगितली."

आणि मग ते सांगतात ती ही आख्यायिका.

फार वर्षांपूर्वी रायजा नावाची एक बेलदारीण इथे पाल ठोकून राहिली होती म्हणे. नवरा वारलेला, सोबत धाकटा दीर मसाजी आणि चार गाढवं. जाती घडवायची, झिजून गुळगुळीत झालेल्या जात्यांना छिन्नीनं टाकी लावायची आणि पुढचं गाव गाठायचं, असा तिचा जन्म चालला होता. दगडावर छिन्नी टेकवली की तो कसा बोलतो, हे तिला कळायचं. गुहेच्या तोंडावरचा काळा दगड खणखणीत वाजला म्हणून तिनं तिथलेच तुकडे काढले. तिसऱ्या दिवशी तिला वरच्या दगडात केसाएवढी चीर दिसली. तिनं चिरेवर अंगठा फिरवला, क्षणभर थांबली. पण एका जात्याची खालची तळी तेवढी राहिली होती. तिनं घाव घातला आणि तळी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाढवांवर ओझी चढवत असताना टेकडीकडून मोठा आवाज आला. धुळीचा लोट उठला. पाठोपाठ गावातून बायकांचा आक्रोश ऐकू आला. शंख वेचायला पाच पोरं गुहेत शिरली होती. त्यांत गावच्या पाटलांची दहा वर्षांची नात सकू होती.

रायजाच्या हातातली दोरी गळून पडली.

"चाल वैनी," मसाजी दबक्या आवाजात म्हणाला. "आपला घाव कोनी पाह्यला नाही. आता निघालो तर निघालो."

रायजानं गाढवावरच्या ओझ्यातून हत्यारं काढली. मग छिन्नी-हातोडा कमरेला खोचून ती टेकडीकडे चालू लागली.

गुहेच्या तोंडात शिळा पाचरीसारखी बसली होती. दुपारपर्यंत गड्यांनी पहारी लावल्या, पण ती तसूभर हलली नाही. आधी आतून दगडावर दगड आपटल्याचा आवाज येत होता, तो हळूहळू थांबला. पाटलांनी शिळेला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही. उठले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"लाकडं आना," ते म्हणाले. "शिळा तापवू, पानी मारू. तडकन फुटंन."

लोक धावले. शिळेशी लाकडांचा ढीग चढू लागला. तेव्हा रायजा पुढे आली.

"पाटील, आग नोका लावू. धूर आत जाईन. पोट्टे गुदमरतीन."

"तू कोन सांगनारी?"

रायजा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मी बेलदारीन. ह्या शिळेखालचा दगड म्याच काढला. चीर पाह्यली होती, तरी काढला."

एकानं काठी उगारली. एका आईनं तिच्या अंगावर माती फेकली. रायजा जागची हलली नाही. तिनं गुहेच्या कडेच्या पांढऱ्या दगडावर हात ठेवला.

"काळा दगड फुटत नाही, हा फुटते; पन इथं फोडला तर शिळा आत घसरंन. गुहा याच्यातच हाय. हा पट्टा टेकडीच्या भवताल फिरते. मागच्या अंगाले कुठंतरी वारा आत जात असंनच, नाहीतर आत एवढी वटवाघळं, अन् सांजेले एकही ह्या तोंडातून कसं निघालं नाही? मले शोधू द्या."

पाटलांनी सूर्याकडे पाहिलं. "दिवस बुडेपर्यंत. त्याच्यावर एक घडीही नाही."

रायजा निघाली. पट्टा डोळ्यांआड होऊ न देता ती टेकडीला वळसा घालू लागली. काटेरी झुडपांत घुसली, घसरली, गुडघे फुटले. दिसेल त्या भेगेला गाल लावून ती वारा येतो का पाहायची. एकही भेग श्वास घेत नव्हती. ऊन पिवळं झालं, तांबडं झालं. मागे पावलं वाजली. मसाजी होता. काही न बोलता पहार घेऊन तिच्यामागे आला होता.

सूर्य टेकला आणि तिचं बळ सरलं. आता पाटील काडी लावणार. ती खाली बसणार एवढ्यात समोरच्या बोरीच्या जाळीतून काहीतरी फडफडलं. एक वटवाघूळ. मग पाच-सहा. मग भसाभसा थवाच बाहेर पडून आभाळात चढला.

दोघांनी जाळी उपसली. मागे पांढऱ्या दगडात वीतभर फट होती. रायजानं तोंड लावून हाक मारली, "सकू! पोट्ट्याहो!"

तिनं पुन्हा हाक मारली. मग आतून, खोलवरून, बारीक आवाज आला, "इकडे हाओत!"

रायजानं छिन्नी टेकवली. पांढरा दगड मऊ होता, शंखांसकट ढलपे निघत होते. आणि तेवढ्यात फटीतून धुराची पातळ रेघ बाहेर आली.

"पळ!" ती मसाजीवर ओरडली. "सांग त्यायले, पोट्टे सापडले! आग विझवा!"

मसाजी पळाला. रायजा एकटी उरली. धूर दाट होत चालला. आत पोरं खोकत होती, एकाचं रडणं तुटत चाललं होतं.

"सकू, वटवाघळं जिकडे जातेत तिकडे ये! जमिनीले चिकटून ये, एकामेकाचा हात सोडू नोको!" ती बोलत राहिली आणि घाव घालत राहिली. हातोडा चुकून बोटांवर बसला, पण तिला कळलंही नाही. धुरानं दिसेना झालं, तेव्हा ती हातानं चाचपून मारू लागली. भोक कोपरभर झालं, खांद्याएवढं झालं. तिनं आत हात घातला आणि काळोखातून लहानशी, मातीनं माखलेली बोटं तिच्या हातात आली.

एकामागून एक चार पोरं निघाली. सकू शेवटची. तिच्या पाठीवर पाचवं होतं, तीन वर्षांचं, निपचित पडलेलं. रायजानं त्याला पालथं घेतलं, पाठ चोळली, थोपटली. तेवढ्यात पाटील आणि गावकरी धापा टाकत पोचले. पोर खोकललं. मग हंबरडा फोडून रडलं.

दुसऱ्या सकाळी गुहेच्या मागच्या फटीखाली धुरानं मेलेल्या वटवाघळांचा खच पडला होता. कितीतरींच्या छातीला पिलं तशीच बिलगलेली होती. पाटलांनी स्वतः खड्डा खणला आणि ती पुरली. या टेकडीवर पुन्हा अग्नी पेटणार नाही, अशी त्यांनी तिथेच शपथ घेतली असं सांगतात. मग त्यांनी रायजाला विचारलं, "माह्या हातून पोट्टे जात होते, तू वाचवले. काय देऊ तुले?"

"वाचवले म्या, अन् कोंडलेही म्याच," रायजा म्हणाली. तिच्या हाताला चिंध्या बांधल्या होत्या. "मले काही नोको. पन पाटील, तुमच्या किती पिढ्या ह्या टेकडीखाली जन्मल्या. एकालेही तिचं मागचं दार ठाव नव्हतं. पोट्ट्यायले टेकडी शिकवा."

त्याच दुपारी बेलदारांची गाढवं नदी उतरून गेली. रायजा पुढे कुठे गेली, ते कुणालाच माहीत नाही.

पुढे गावानं कितीतरी दिवस खपून ती शिळा गुहेच्या तोंडातून ओढून बाजूला केली. आजही सावळखेडमध्ये मूल सातव्या वर्षात आलं, की गावातलं जाणतं माणूस त्याला पावसाळा सरल्यावर टेकडीवर नेतं. काळ्या दगडावर आणि पांढऱ्या दगडावर त्याच्या हातानं दगड आपटून आवाजातला फरक ऐकवतात. छताला लटकलेली वटवाघळं न बोलता दाखवतात. मग पोरानं दिव्याविना, गालाला लागणाऱ्या वाऱ्याच्या मागानं, एकट्यानं मागच्या दारापर्यंत जायचं. आई बाहेर उभी असते. तिनं हाक मारायची नाही. आतून हात येईपर्यंत वाट पाहायची.