हसू की नको, देवाला विचारा

हैबतराव सरकारांना भर जत्रेत राग आला आणि तातू दशावतारीवर गाव सोडायची पाळी आली!

झालं होतं असं. आंबेरगडचे हे सरकार कौल लावल्याशिवाय पाऊल उचलत नसत. गुरवाने देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, सरकारांनी प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लढाईला, लग्नाला, पेरणीला कौल घेतला तर कोण काय म्हणेल? पण आमचे सरकार वांग्याच्या भाजीलाही कौल घेत, आणि बिचाऱ्या गुरवाला दोन घास जेवायची फुरसत मिळत नसे. तातूने जत्रेच्या नाटकात नेमकं हेच सोंग आणलं. त्याचा राजा शिंक आली की नाक दाबून देवळाकडे पळत सुटायचा, शिंकू की नको ते विचारायला. गाव पोट धरधरून हसलं. सरकार तेवढे पुढ्यात बसून लालबुंद झाले.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात तातूला उभं केलं. शेजारी त्याची लेक अनशी. ती बापाच्या नाटकमंडळींचे पोशाख शिवायची, आणि जीभ मात्र बापाची घेऊन जन्मली होती.

"सरकार, सोंगच ते. हसून सोडून द्यायचं," तातू हात जोडून म्हणाला.

"हसून? हसण्यासारखं काय होतं त्यात? कौलाला हसलास म्हणजे देवाला हसलास."

"देवाला कोण हसेल, सरकार? हसलो ते..." तातूने जीभ चावली.

"मला, असंच ना? ठीक आहे. दिवेलागणीच्या आत मला माझ्याच कौलावर हसवून दाखव. हसलो तर माफ. नाही तर तू, तुझी मंडळी, तुमचे मुकुट नि पेटारे, सगळं वेशीबाहेर. पुन्हा इथे सोंग लावायचं नाही."

तातूच्या जिवात जीव आला. हसवणं हा तर त्याचा धंदा! पण सरकार लगेच गुरवाकडे वळले. "आज मी हसावं का, विचार देवाला."

पाकळ्या लागल्या. टपकन डावी पडली.

"झालं," सरकार म्हणाले. "देवाचीच आज्ञा. आज हसणं नाही."

तातू मटकन खाली बसला. सगळा जन्म या गावात गेला, आता म्हातारपणी पेटारा डोक्यावर घेऊन कुठे जायचं? बापाकडे बघून अनशीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग असा काही राग आला की ती सरळ पुढेच झाली.

"सरकार, बाबांच्या जागी मी आले तर चालेल?"

"कोणीही या. मी हसणार नाही."

"मग आधी गाऱ्हाणं घालते. देवाला सांगितल्याशिवाय कामाला हात लावू नये, अशीच रीत आहे ना?"

बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं म्हणून गुरव कुरकुरला. पण रीतीचं नाव निघाल्यावर सरकार नाही कसे म्हणतील? "घाल," ते म्हणाले.

"मंडपातल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला हवं हो. तुम्हीसुद्धा."

"मला शिकवतेस? सगळ्यांच्या आधी म्हणेन."

अनशीने पदर खोचला, हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज आमचो राजो तुझ्या पायाकडे इलो हा!"

"व्हय म्हाराजा!" सरकारांचा आवाज सगळ्यांच्या वर.

"सकाळी उठता नि तुका इचारता, उजव्या कुशीन उठू की डाव्या?"

"व्हय म्हाराजा!"

"मगे इचारता, दाढी आज करू की उद्या?"

"व्हय म्हाराजा!" खांबाआडून न्हावी कळवळून ओरडला. वस्तरा परजून रोज ताटकळायचा तो.

"तुका पाऊस पाडूचो आसता, माडाक नारळ लावूचे आसतत, पोरींची लग्ना जुळवूची आसतत. ता सगळा सोडून तू आमच्या राजाची वांगी निवडीत बसतस!"

"व्हय म्हाराजा," सरकार म्हणाले. आवाज जरा चिरकला.

"गेल्या आषाढात वाड्यात पाणी शिरला. राजो खाटेर उभो! खाली उतरू की नको, इचारूक माणूस तुझ्याकडे धाडलो. पावसाच्या वल्यान पाकळी बसली चिकटून. ती काय पडना, नि राजो काय उतरना!"

"व्ह... व्हय म्हा..." सरकारांच्या मिशा थरथरू लागल्या. गाल फुगले. त्यांनी दोन्ही हातांनी आसन घट्ट धरलं.

"तर बा देवा म्हाराजा, आमच्या राजाक एक दिवस सोताच्या डोक्यान वागूची बुद्धी दी. नि तुका एक दिवस तरी दुपारची झोप गावांदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या आधी गुरवच ओरडला. झोपेची खरी गरज त्यालाच होती.

आणि सरकारांच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं!

दुसऱ्याच क्षणी त्यांनी तोंडावर हात दाबला. चेहरा पांढराफटक. "कौल मोडला! अरे, हे काय करून बसलो मी?"

तातूने डोळे मिटून घेतले. घाबरलेला राजा रागावलेल्या राजापेक्षा वाईट, हे त्याला ठाऊक होतं.

अनशी मात्र शांतपणे म्हणाली, "देव रागावला असेल का हो सरकार?"

"काय सांगावं!"

"मग लावा की कौल. विचारून टाकू."

"हो, हो! गुरवा, पाकळ्या लाव. विचार, कौल मोडला म्हणून देव राग..."

सरकार मध्येच थांबले. ओल्या पाकळ्या हातात घेऊन गुरव उभा. ओठ घट्ट मिटून अख्खं गाव उभं. आणि ही पोर, साळसूद चेहऱ्याची. सरकारांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, एकदा देवाकडे पाहिलं, आणि असे खदाखदा हसत सुटले की पगडी कानावर आली. हसता हसता त्यांना उचकी लागली, तरी थांबेनात.

"तातू," डोळे पुसत ते म्हणाले, "तू तर माझं फारच कमी दाखवलंस रे."

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं. गुरव सवयीने पाकळ्या चिकटवायला वळला.

"ठेव त्या खाली," सरकार म्हणाले, आणि कडं अनशीच्या हातात घातलं. मग स्वतःची पगडी उतरवून त्यांनी तातूच्या डोक्यावर ठेवली.

"पुढच्या जत्रेला ही घालून माझं सोंग आण. पुरतं आण, काही गाळू नकोस. आणि कुठे अडलास तर देवाला त्रास देऊ नको, मलाच येऊन विचार!"