पिंपळातला खिळा

हरणगडच्या न्यायाधीशाने सगुणेला नवऱ्याकडून वर्षाला सहा मण भाताची पोटगी बांधून दिली होती. नवरा शेजारच्या वाळणकोट संस्थानात पळाला आणि तिथल्या मुनसफाकडे ती निम्मी करून मागू लागला. तीन मणांत दोन लेकरं जगवायची कशी, म्हणून सगुणाही मागोमाग आली.

“माझ्या हद्दीत कोणाचाही हुकूम मी सैल करतो,” मुनसफ मिशीला पीळ देत म्हणाला.

भर दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, कचेरीसमोरच्या पिंपळाची एकच फांदी हलत होती. बुंध्यात गंजका खिळा होता.

“हा कशाचा, रावसाहेब?” सगुणेने विचारलं.

“हरणगडच्या भगताने जखीण बांधलीय त्यात.”

“तुमच्याच हद्दीत आहे. जरा सैल करा की!”

मुनसफाचा चेहरा पांढरा पडला. “भलतंच काय, बाई! ज्याने ठोकला त्यानेच काढायचा!”

“माझा हुकूमही हरणगडचाच आहे, रावसाहेब.”

मुनसफाने अर्ज नवऱ्याच्या हातात परत कोंबला. “जा, तिकडेच माग!”

तेव्हा कुठे ती फांदी हलायची थांबली.