उत्प्रेरकाला घातलेले विष

एकदा एका अत्तरवाल्याने टेंभेसर नावाच्या वृद्ध रसायनशास्त्रज्ञाकडे भलतीच मागणी केली. त्याला नुकत्याच कापलेल्या हिरव्या गवताचा वास हवा होता. सरांनी ते काम आपली शिष्या सुनेत्रा हिच्यावर सोपवले.

त्या वासाचे द्रव्य एका अल्काइनपासून बनते. अल्काइनमध्ये दोन कार्बन तिहेरी बंधाने बांधलेले असतात आणि त्या तिन्हींपैकी दोन बंध कच्चे असतात. ते उघडतात आणि हायड्रोजनला जागा देतात. एक उघडला की गवताचा वास येतो. दोन्ही उघडले की सगळे मुसळ केरात!

सुनेत्राने हौसेने सर्वांत तेज पॅलेडियम धातू उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारा, म्हणून आणला. हायड्रोजन भराभर शोषला गेला आणि बाई खूश. कुपी हुंगली, तर नुसता तेलकट, उग्र वास. दुसऱ्या खेपेला तिने पॅलेडियम आणखी वाढवले, तरी तेच. महिनोन्‌महिने खपून केलेले अल्काइन आता चमचाभर उरले होते.

"सर, हेही गेलं तर मी कुणाला तोंड दाखवू?" सुनेत्रा तो चमचा घेऊन सरांकडे आली.

सरांनी ताजे पॅलेडियम घेतले आणि शांतपणे त्यावर शिशाच्या क्षाराचे द्रावण ओतले.

"अहो सर, हे काय केलंत! शिसं म्हणजे याला विषच की!"

"विषच घातलंय. अगं, पहिला बंध उघडायला अल्काइन स्वतःच उतावीळ असतं. त्यानंतर दुहेरी बंध उरतो, तोच आपल्याला हवा. पण तुझं तेज पॅलेडियम त्यालाही सोडत नाही, एकेरी करूनच दम खातं. शिशाने ते मंदावतं. तिहेरी बंध त्याला अजून धरता येतो, दुहेरीपुढे मात्र त्याचं फारसं चालत नाही. तू जोर वाढवत गेलीस, थांबायची सोय केलीच नाहीस."

उरलेला चमचा पात्रात गेला. हायड्रोजन या वेळी सावकाश शोषला गेला. दोन्ही बंधांना लागतो त्याच्या निम्मा संपला आणि वेग एकदम मंदावला. सुनेत्राने थेंबभर काढून हुंगला. हिरवे, ओले, नुकते कापलेले गवत! तिचे डोळे भरून आले.

"सर, अजून थोडा वेळ चालू ठेवू? आणखी छान होईल."

सरांनी शिशाच्या द्रावणाच्या बाटलीकडे बोट दाखवले. सुनेत्रा ओशाळून हसली आणि तिने आपल्याच हाताने हायड्रोजनचा कॉक बंद केला.